सतरा फुलपाखरांचे पंख

फोन वाजला तेव्हा भिंगबाई लॅपटॉपला शिव्या घालत होत्या.

सकाळचे सव्वाआठ झाले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीचा जुना लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या पडद्यावर एक लाल चेंडू होता. चेंडूने डावीकडून उजवीकडे जायचं, बस्स, एवढंच काम. गेले बारा दिवस तो या ना त्या कारणाने जात नव्हता. आज गेला, पण अर्ध्या वाटेवर गडप झाला.

"कुठे तडफडला हा?" भिंगबाई ओरडल्या.

"कंटाळून घरी गेला असेल," वर्तमानपत्रामागून नवऱ्याचा आवाज आला.

त्यांनी वर्तमानपत्राकडे असं पाहिलं की ते दोन इंच खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. मग त्यांनी फोन उचलला. पलीकडे ऑफिसच्या चाव्या सांभाळणारे मामा होते.

"भिंगबाई, असाल तशा निघा. दाजींवर आळ आलाय."

"कसला आळ?"

"त्या हलत्या चित्रांचं काहीतरी झालंय. मॅडम लवकर आल्यात आज. दाजींकडून लिहून मागतायत. आणि दाजी लिहून द्यायला निघालेत!"

भिंगबाईंनी लॅपटॉप फाडकन मिटला.

शाळेची सचित्र पुस्तकं काढणाऱ्या ऑफिसात त्या अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. गळ्यात दोरीने भिंग लटकवायची सवय होती, त्यावरून नाव पडलं. त्याच ऑफिसात चित्रकार असलेले दाजी हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या त्यांना दाजी म्हणत, म्हणून हळूहळू सगळं ऑफिसच त्यांना दाजी म्हणू लागलं. साहेबलोकही. दाजी दौत-टाकाने चित्रं काढत. त्यांनी काढलेल्या बेडकाला हात लावला तर बोट ओलं होईल असं वाटे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आणि नेमकं आताच कुणाच्या तरी डोक्यात आलं की पुस्तकातली चित्रं आता हलली पाहिजेत.

झालं. तिसऱ्या मजल्यावर सहा कॉम्प्युटर आले, त्यात ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आलं आणि ते शिकवायला कंत्राटावर एक मास्तर आला. तिशीतला, चटपटीत, केसांना काहीतरी लावणारा. मुद्रितं तपासणाऱ्यांसकट सगळ्यांनी तीन आठवड्यांत शिका, एक नमुना फिल्म करून दाखवा, नाहीतर चित्रविभाग बंद, असा हुकूम. त्या फिल्मची आजच तारीख होती. दुपारी चार वाजता मुख्य कार्यालयातून तिघे जण ती पाहायला येणार होते.

बसमध्ये उभ्याउभ्या भिंगबाईंच्या डोक्यात ते तीन आठवडे भणभणत होते. काय काय सोसलं होतं! पहिल्याच दिवशी त्यांच्या पडद्यावरून सगळी अवजारं नाहीशी झाली होती. "पॅनल बंद केलंत, बाई," मास्तर म्हणाला होता. "मी कशाला बंद करू? ते आपणहून गेलं!" पाचव्या दिवशी त्यांनी गंमत म्हणून एका सूर्याला हिरवा रंग दिला, तर त्यांच्या सरावातले अकराच्या अकरा सूर्य हिरवे झाले. वर्ग खो खो हसला. मास्तरही हसला. मग त्याने समजावलं होतं की मूळ चित्र लायब्ररीत असतं, पडद्यावर दिसतात त्या त्याच्या नुसत्या नकला. मुळाला हात लावला की सगळ्या नकला बदलतात.

दाजींची तर वेगळीच तऱ्हा. लायब्ररीतल्या प्रत्येक चित्राला नाव द्यावं लागे. मास्तरचा आग्रह, नाव आणि आकडा द्या, पंख एक, पंख दोन. दाजींनी फिल्ममधल्या फुलपाखराच्या वरच्या पंखांच्या जोडीला नाव दिलं थोरली आणि खालच्या जोडीला धाकटी. "अहो दाजी, हे काय लग्नाचं आमंत्रण आहे का?" मास्तर वैतागला होता. दाजी म्हणाले होते, "आकडे मला लक्षात राहत नाहीत. माणसं राहतात."

आणि दिवसातून पन्नास वेळा मास्तरचं पालुपद चालायचं, "श्वास घेतला की सेव्ह!" बोलता बोलता तो मागून येऊन कुणाच्याही कीबोर्डवर सेव्हची बटणं दाबून पुढे जाई. बघायचासुद्धा नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या ऑफिसच्या प्रमुख. बोलणं मोजकं, ऐकणं त्याहून मोजकं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फिल्म थांबवून ठेवली होती.

"बघा तुम्हीच," त्या म्हणाल्या.

अंडं आलं, अळी आली, कोष आला. कोष फुटला. आणि बाहेर आली एक काळी काडी. तिला मिशा होत्या, सहा पाय होते, पंख नव्हते. पुढे बागेत सतरा फुलपाखरं उडायची होती. तिथे सतरा काड्या हवेत तरंगत होत्या.

भिंगबाई पडद्याच्या जवळ गेल्या. ते पंख त्यांनी काल दुपारी पाहिले होते. केशरी, काळ्या शिरांचे, कडेला थोडे विरलेले. दाजींनी त्या दोन जोड्यांसाठी नऊ दिवस टाक झिजवला होता.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी केलं असेल?" मॅडम म्हणाल्या. "मास्तर, सांगा यांना."

मास्तरने घसा खाकरला. "बाई, मला दाजींबद्दल आदर आहे. पण सतरा ठिकाणचे पंख पुसलेत. एकेक फ्रेम उघडायची, पंख निवडायचा, पुसायचा. दीड-दोन तास तरी लागतात. काल साडेपाचला आपण सगळे उतरलो. सात वाजेपर्यंत इथे एकटे दाजी होते."

"आणि गेल्याच आठवड्यात," मॅडमनी पुस्ती जोडली, "या यंत्राला खिडकीतून खाली फेकीन असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते."

"ते मीसुद्धा म्हणालेय. दोनदा."

"तुम्ही त्यांच्या मेहुणी. तुमचं म्हणणं मी काय धरू?" मॅडमनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता पाहुणे आले की मला उत्तर द्यायचंय. त्याआधी दाजींनी लेखी कबुली दिली तर प्रकरण इथेच मिटवायचा प्रयत्न करीन. नाही दिली तर निलंबनाचं पत्र आजच जाईल."

"आणि फिल्म?"

"मास्तरांनी त्यांचा स्वतःचा नमुना तयार ठेवलाय. तो दाखवू. निदान तोंडघशी तरी पडणार नाही."

मास्तरने लगबगीने दुसरी फाइल लावली. पडद्यावर बागेत एक परी आली. ही परी वर्गाच्या ओळखीची होती. परवापर्यंत तिचे पंख कपड्याच्या चिमट्यांसारखे उघडमिट करायचे आणि सगळे तोंड फिरवून हसायचे. आज मात्र तिचे निळे पंख लवलवत होते. डोळ्यांत भरण्यासारखे.

"सुधारलीये परी," भिंगबाई म्हणाल्या.

"रात्री बसून केली घरी," मास्तर म्हणाला आणि पडदा बंद केला.

दाजी जिन्यात बसले होते. मांडीवर कोरा कागद होता. बोटांना शाई लागलेली, नेहमीसारखीच.

"काय लिहिताय?" भिंगबाई खेकसल्या.

"अजून काही नाही. सुरुवात कशी करावी ते सुचत नाहीये."

"सुचायला कशाला हवंय? तुम्ही केलंय का ते?"

दाजींनी बोटावरची शाई पुसून पाहिली. मग हळूच म्हणाले, "मीच काहीतरी दाबलं असेल गं."

"म्हणजे?"

"काल तुम्ही गेल्यावर मी एकदा फिल्म पाहिली. छान चालली होती. मग वाटलं, कोषाचं एक चित्र पुन्हा काढावं. म्हणून टेबलावर कागद घेऊन बसलो, सात वाजेपर्यंत. यंत्राला परत हात लावल्याचं आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे लावलाच नाही असं कुठंय? कोपर लागलं असेल. निघताना काही पडलं असेल त्यावर. या यंत्राचं काय सांगावं? आपण एक करायला जातो आणि होतं भलतंच."

भिंगबाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. आळ आलेला माणूस चिडतो, भांडतो. हा माणूस स्वतःचीच साक्ष स्वतःविरुद्ध देत होता. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की त्यांना ते समजत होतं. मघाशी चेंडू गडप झाला तेव्हा त्यांनाही पहिल्यांदा वाटलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं. तीन आठवडे या खोलीत त्यांना दुसरं शिकवलंच काय होतं?

"ताईला कळवलंत?"

"नको. तिचं बीपी वाढेल."

"मग त्या कागदावर एक अक्षरही लिहायचं नाही. माझी शपथ आहे. आणि मला सांगा, सात वाजेपर्यंत तुम्ही खोलीतून हललाच नाहीत?"

"टाक धुवायला खाली गेलो होतो. वरच्या नळाला संध्याकाळी पाणी नसतं."

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं. शाई वाळली होती. पण वीस मिनिटांत काय होतंय? मास्तर दोन तास म्हणतोय."

भिंगबाई पुन्हा वर गेल्या. मास्तर वायरी गुंडाळत होता.

"काल किती वाजता निघालात?"

"साडेपाचला. तुमच्याबरोबरच उतरलो की, बाई."

"परत वर आलात?"

"कशाला येईन?"

"मी विचारतेय."

"नाही आलो."

"पंख परत लावता येतील का?"

"नाही हो. सेव्ह करून फाइल बंद झाली की मागे जाता येत नाही. नव्याने काढायचे. दोन आठवडे धरा."

"जुनी प्रत असेल ना?"

"एका कामाची एकच फाइल, हा माझा नियम. नाहीतर तुम्ही लोक कुठल्या कुठे काम करत बसता." तो हसला. "आणि बाई, एक विनंती. त्या फाइलला आता कुणी हात लावू नका. आहे त्याहून बिघडेल."

खाली मामा मोरीशी बादल्या रचत होते.

"मामा, काल दाजी टाक धुवायला आले होते?"

"आले होते ना. सगळं बेसिन काळं करून ठेवलं. मी बोललोसुद्धा त्यांना."

"किती वाजता?"

"पावणेसहा."

"नक्की?"

"अहो, पावणेसहाला मी पंप चालू करतो. त्याआधी या नळाला थेंब नसतो. पंप बंद केला सहा-पाचला, तोवर इथेच होते. मीच पाणी ओतत होतो त्यांच्या हातावर."

"त्या वेळात वर कोण गेलं?"

"कुणी नाही."

"अजिबात कुणी नाही?"

"नाही. म्हणजे मास्तर गेले होते, हेल्मेट विसरलं म्हणून. पाचेक मिनिटांत उतरले."

भिंगबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मामा, हे सकाळी मॅडमना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, कुणी परका माणूस वर गेला होता का? मास्तर परके आहेत का?" मामा उलट त्यांच्यावरच उखडले. "विचारतील तेवढंच सांगायचं असतं या ऑफिसात."

मास्तर खोटं बोलला होता. पण खोटं बोलणं वेगळं आणि पंख पुसणं वेगळं. मामांच्या सांगण्याप्रमाणे तो पाचेक मिनिटांत खाली आला होता. सतरा फुलपाखरं पाच मिनिटांत कशी पुसायची? ती दोन तासांची भिंत काही केल्या हटत नव्हती.

दुपारी एक वाजता, सगळे जेवायला गेले असताना, भिंगबाई आपल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. फिल्मची फाइल सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्येच होती. मास्तरने हात लावू नका म्हटलं होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम लावला. आधी त्या फोल्डरमध्येच तिच्यावर टिचकी मारून माहिती पाहिली. शेवटचं सेव्ह, काल संध्याकाळी पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

त्यांनी तो आकडा भिंगातून पुन्हा पाहिला. पडद्यावरचं अक्षर भिंगातून बघायची काही गरज नव्हती, पण सवय.

मग फाइल उघडली आणि नेहमीचा तमाशा सुरू झाला. फ्रेमांची पट्टी, म्हणजे टाइमलाइन, सरकवायला गेल्या तर ती अख्खी खाली जाऊन बसली. ती वर ओढायला गेल्या तर रंगांचा डबा गेला. काहीतरी दाबलं तर सगळंच गेलं, उरली एक पंख नसलेली काडी आणि भोवती पांढरा उजाड पडदा.

"जा, सगळे जा!" भिंगबाई मोठ्याने म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं. दाजींची नोकरी जायची वेळ आलीय आणि आपण इथे डबे शोधतोय. वय झालं, डोकं चालत नाही, हे आपल्याला जमणारच नाही. क्षणभर माऊस आपटावासा वाटला.

आपटला नाही. वरच्या विंडो नावाच्या यादीत सगळ्या पॅनलांची नावं असतात एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठलं हवं ते आठवेना, म्हणून त्यांनी रागारागाने एकामागून एक सगळीच उघडली. पडद्यावर डब्यांची नुसती गर्दी झाली. त्या गर्दीत एक लायब्ररी होती.

यादीत अंडं होतं, अळी होती, कोष होता, फुलपाखरू होतं. त्याखाली थोरली. त्याखाली धाकटी.

भिंगबाईंनी थोरलीवर टिचकी मारली. वरच्या चौकोनात पंखांची जोडी उमटली, केशरी, काळ्या शिरांची, कडेला थोडी विरलेली. जशीच्या तशी.

त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. पंख कुठेही गेले नव्हते. ते घरातच होते, फक्त फुलपाखराच्या अंगावरून काढले होते. आणि फुलपाखरू तरी किती? यादीत एकच. बागेत उडणारी सतरा म्हणजे त्या एकाच्या सतरा नकला.

त्यांना हिरवे सूर्य आठवले आणि दोन तासांची भिंत कोसळली. मग त्यांना सकाळची परी आठवली, आणि त्या खुर्चीतून उठल्या.

पावणेतीनला त्यांनी सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. मॅडम नाखुशीने आल्या. मामा दाराशी थांबले. दाजी कोरा कागद हातात धरून भिंतीला टेकले. मास्तर प्रोजेक्टरशी उभा होता.

"पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

"गुन्ह्याला तेवढीही लागली नव्हती," भिंगबाई म्हणाल्या. "मास्तर, मी एका सूर्याला हिरवा रंग दिला तेव्हा काय झालं होतं?"

मास्तर प्रोजेक्टरची वायर नीट करू लागला.

"अकरा सूर्य हिरवे झाले. का ते तुम्हीच समजावलंत. या फिल्ममध्ये फुलपाखरू एकच आहे, मॅडम. बाकी नकला. त्या एकाचे पंख काढले की सतराही जागी जातात. अर्ध्या मिनिटाचं काम. हे आम्हा नवशिक्यांनाही पाचव्या दिवशी कळलं, मग शिकवणाऱ्याने दोन तासांचा हिशोब का सांगितला? कारण दोन तास एकटे फक्त दाजी होते."

"बाई, माझा अंदाज चुकला असेल..."

"थांबा. फाइल शेवटची सेव्ह झाली पाच-अठ्ठेचाळीसला. तेव्हा दाजी कुठे होते? मामा?"

"खाली नळावर. पंप चालू होता."

"आणि वर कोण होतं?"

मामांनी मास्तरकडे पाहिलं. "हे. हेल्मेटला आले होते."

मॅडमनी पहिल्यांदाच हाताची घडी सोडली. "तुम्ही परत आलाच नाहीत म्हणालात ना?"

"विसरलो, मॅडम. घाईत होतो. पण मी कशाला पुसीन? मीच शिकवलंय यांना!"

"पुसायचे नव्हतेच तुम्हाला," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्हाला ते हवे होते. तुमच्या परीची लायब्ररी उघडा."

"ते माझं खासगी काम आहे."

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

मास्तरचा हात माऊसवर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी मॅडमनीच पुढे होऊन विचारलं, कुठे दाबायचं? भिंगबाईंनी दाखवलं. भिंतीवरच्या पडद्यावर यादी उघडली.

परी डोकं एक. परी हात दोन. परी हात तीन. परी झगा चार. आणि सगळ्यात खाली, बिनआकड्याच्या दोघी, थोरली आणि धाकटी.

मामांच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

"चित्र एका फाइलमधून दुसरीत नेलं की त्याचं नावही बरोबर जातं," भिंगबाई म्हणाल्या. "बागेत आणून यांनी वरून निळा रंग चढवला, पण यादीत डोकावायचं राहिलं. नेताना कॉपी करायची होती. घाई होती, जिन्यात पावलं वाजतील अशी भीती होती. कीबोर्डवर कटचं एक्स आणि कॉपीचं सी शेजारी शेजारी, बोट घसरलं आणि कट झालं. हे लगेच परीच्या फाइलमध्ये गेले, तिथे पंख नीट लागले, म्हणून काही कळलं नाही. परत येऊन आपल्या फिल्मची फाइल बंद केली आणि बंद करताना, न बघता, सवयीने..."

"सेव्ह," दाजी पुटपुटले.

"इथपर्यंत चूक होती, मॅडम. चोरी होती, पण वाटोळं चुकूनच झालं. सकाळी फिल्म लावल्यावर यांना कळलं. तेव्हा लायब्ररीतून दोन्ही जोड्या ओढून फुलपाखरावर ठेवल्या असत्या तर एका मिनिटात सगळं जागेवर आलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं? यांनीच आम्हाला शिकवलंय ते! पण तसं केलं असतं तर परीच्या पंखांकडे कुणीतरी बघितलं असतं. म्हणून म्हणाले, दोन आठवडे लागतील, हात लावू नका. आणि नाव घेतलं अशा माणसाचं, जो स्वतःच म्हणेल की माझंच काहीतरी चुकलं असेल."

मास्तर भिंतीकडे सरकला.

"मला पुढच्या महिन्यापासून कायम करणार होते," मास्तर खाली बघत म्हणाला. "विभागप्रमुख म्हणून. स्वतःचा नमुना दाखवायची अट होती." त्याने पडद्यावरच्या यादीकडे हात केला. "मला यातलं एकेक बटण येतं. पण चित्र येत नाही. आठ महिने तीच परी करतोय मी. दाजी नऊ दिवसांत..."

भिंगबाईंना त्याची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"दाजी, इकडे या," त्या म्हणाल्या. "पंख लावा."

"तूच लाव. माझ्या हातून काही भलतंच दाबलं गेलं तर?"

"गेलं तर गेलं. बसा."

दाजी बसले. माऊसवर ठेवलेला हात त्यांनी एकदा उचलला, पुन्हा ठेवला. फुलपाखरू उघडलं. थोरली यादीतून ओढत आणून काडीवर ठेवली, तिच्याखाली धाकटी. मग बाग लावली. सतराच्या सतरा फुलपाखरं पंख हलवत फुलांवरून निघून गेली. मॅडम ते पाहत राहिल्या.

मास्तर पुढे आला. "दाजी, मला माफ करा. कालचं खरंच चुकून झालं."

"कालचं सोड," दाजी म्हणाले. ते इतक्या शांतपणे बोलत होते की भिंगबाईंना भीतीच वाटली. "मागितले असतेस तर मी तुला पंख काढून दिले असते. परीच्या मापाचे, वेगळे. पण सकाळपासून मी या हातांकडे बघत बसलोय. चाळीस वर्षं याच हातांवर जगलो, आणि आज मला वाटलं, आता यांचा भरवसा नाही. तुला माहीत होतं मी काही केलेलं नाही. जिन्यातून तू दोनदा गेलास. एकदा तर मला पाणी आणून दिलंस. पेला हातात देताना तरी सांगायचं होतंस रे."

मास्तर मागे सरला. त्याने हेल्मेट उचललं आणि मॅडमच्या इशाऱ्याची वाट पाहत दाराशी जाऊन उभा राहिला.

"तुम्ही खाली माझ्या खोलीत बसा," मॅडम त्याला म्हणाल्या. "तुमचं मी नंतर बघते." मग त्या दाजींकडे वळल्या. त्यांनी दाजींच्या हातातला कोरा कागद मागून घेतला. "माझं चुकलं. मी तुम्हाला नीट विचारलंसुद्धा नाही."

दाजींनी मान हलवली. ठीक आहे, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

साडेतीनलाच खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पाहुणे वेळेआधीच आले होते. मॅडम घाईने दाराकडे निघाल्या आणि थबकल्या.

"आता मास्तर नाहीत. मग फिल्म चालवणार कोण?"

भिंगबाईंनी तोंड उघडलं होतं. पण दाजी खुर्चीतून उठलेच नव्हते.

"मी," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची यंत्राच्या आणखी जवळ ओढली.